दोन काल्पनिक पालकांपासून नवं पात्र कसं तयार करायचं? सोपी पद्धत, उदाहरणासह

गेम खेळायचा असो, गोष्ट लिहायची असो किंवा एआयकडून चित्र काढून घ्यायचं असो, 'आई एका वंशाची, वडील दुसऱ्या वंशाचे' असं पात्र अनेकांना तयार करायचं असतं. पण बरेचदा हाती येतं ते दोघांचं सरासरी मिश्रण, नाहीतर दोघांच्या सगळ्या शक्ती असलेला सुपरहिरो. दोन्ही पात्रं दहा मिनिटांत कंटाळवाणी होतात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे या प्रश्नाकडे मी डेटाचा प्रश्न म्हणून बघते. आजच्या लेखात तीच पद्धत पाहू.

सरासरी का चालत नाही?

कोडमध्ये दोन आकड्यांच्या मधला आकडा काढणं एका ओळीचं काम आहे. पण सगळे गुण आकडे नसतात. मेंडेलने वाटाण्याची उंच आणि बुटकी रोपं एकत्र केली, तेव्हा मध्यम उंचीची रोपं आली नाहीत. पहिल्या पिढीत सगळी उंच आली. दुसऱ्या पिढीत ७८७ उंच आणि २७७ बुटकी आली, म्हणजे साधारण तीनास एक. बुटकेपणा कुठे गेला नव्हता, फक्त लपला होता. आपल्या पात्रासाठी हे फार कामाचं आहे: एखादा गुण पात्रात दिसत नसला, तरी तो त्याच्या आत असू शकतो.

कोण आई आणि कोण वडील, यानेही फरक पडतो. नर सिंह आणि वाघीण यांचं पिल्लू, म्हणजे लायगर, दोघांपेक्षाही मोठं होतं. नर वाघ आणि सिंहीण यांच्या पिल्लाचं तसं होत नाही.

पायरी १: गुणांची चार खात्यांत विभागणी

उदाहरणासाठी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या गेमचं २०१४ चं नियमपुस्तक घेऊ. आई ड्वार्फ, वडील एल्फ. मुलीचं नाव इल्दा ठेवू.

- आकडे: ड्वार्फ साधारण ३५० वर्षं जगतात, एल्फ ७५० पर्यंत. इथे मधला आकडा चालतो, म्हणजे ५५० च्या आसपास. उंचीचंही तसंच.
- हे किंवा ते: ड्वार्फला विषाचा त्रास कमी होतो. एल्फला जादूने झोपवता येत नाही आणि झोपेऐवजी त्याला ४ तासांचं ध्यान पुरतं. इथे अर्धं-अर्धं करू नका, निवड करा.
- दोघांतलं समान: अंधारात ६० फुटांपर्यंत दिसणं दोघांकडेही आहे. ते इल्दाला आपोआप मिळेल.
- संस्कार: भाषा, जेवण, देव, राग व्यक्त करायची पद्धत. हे रक्तातून येत नाही, वाढवलं कोणी त्यावर ठरतं. इल्दा आईच्या कुळात, डोंगराखाली वाढली असं धरू.

'हे किंवा ते' प्रकारचे फक्त ५ गुण असले तरी ३२ वेगवेगळी पात्रं तयार होतात, ८ असले तर २५६. म्हणून निवड फाशांवर सोडली तर पात्र मिळेल, पण गोष्ट मिळेलच असं नाही.

पायरी २: भांडणारे गुण शोधा

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. दोन्ही याद्या शेजारी ठेवा आणि कुठे एकमेकींशी जुळत नाहीत ते बघा.

याच नियमपुस्तकानुसार ड्वार्फ ५० वर्षांपर्यंत तरुण, म्हणजे कच्चा मानला जातो. एल्फ स्वतःला प्रौढ म्हणवतो तो साधारण शंभरीनंतर, आणि तेव्हाच स्वतःचं प्रौढ नाव निवडतो. ड्वार्फचं नाव मात्र कुळातली वडीलधारी माणसं देतात, आणि ते नाव कुळाच्या मालकीचं असतं.

आता इल्दा ६० वर्षांची आहे असं समजा. आईकडे ती मोठी झाली आहे, कामाची जबाबदारी तिच्यावर आहे. वडिलांकडे गेली की ती लहान मूल ठरते, तिला अजून स्वतःचं नावही नाही. आईकडची तिच्या वयाची मंडळी तिच्या डोळ्यांदेखत म्हातारी होणार. बघा, आपण अजून एकही शक्ती ठरवलेली नाही, तरी पात्र उभं राहिलं.

पायरी ३: फायद्याची किंमत ठरवा

इल्दाला वडिलांचं ४ तासांचं ध्यान दिलं, तर विषाचा त्रास कमी होण्याचा आईचा गुण काढून घ्या. शिवाय अख्खं कुळ झोपलेलं असताना ही रोज रात्री एकटीच जागी असते, हीसुद्धा एक किंमतच.

ग्रुपमध्ये खेळत असाल तर हा नियम नक्की पाळा, नाहीतर बाकीच्यांवर अन्याय होतो. २०१४ च्या पुस्तकात हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क हे वेगळे वंश होते. २०२४ च्या पुस्तकातल्या वंशांच्या यादीत ते नाहीत. २०२२ च्या चाचणी नियमांत सोपा मार्ग सुचवला होता: शक्ती एकाच पालकाच्या घ्या, दिसणं दोघांचं मिसळा. नवीन खेळाडूंना मी हाच मार्ग सुचवते.

आपल्याकडचं उत्तम उदाहरण

महाभारतातला घटोत्कच या पद्धतीत चपखल बसतो. आई हिडिंबा राक्षसी, वडील भीम. माया आणि रात्री वाढणारं बळ आईकडचं, युद्धातली बाजू वडिलांकडची. नाव मात्र त्याच्या घटासारख्या, केस नसलेल्या डोक्यावरून पडलं. आणि किंमत? रात्रीच्या युद्धात तो इतका भारी पडला, की कर्णाला अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती त्याच्यावर वापरावी लागली. आईकडून आलेल्या बळामुळे वडिलांचा भाऊ वाचला, पण जीव याचा गेला.

पायरी ४: फक्त त्याचं असं काहीतरी द्या

दोघांकडेही नसलेली एक तरी गोष्ट हवी. इल्दा रात्री जागी असताना खाणीतल्या दगडांचे आवाज ऐकून त्यांची वही लिहिते. ही सवय ना आईची, ना वडिलांची.

प्रकाशित करणार असाल तर

एल्फ आणि ड्वार्फ जुन्या लोककथांमधून आले आहेत, ते कोणीही वापरू शकतं. 'हॉबिट' या शब्दाचं तसं नाही. हक्कांच्या वादामुळे याच गेमला १९७० च्या दशकात तो काढून 'हाफलिंग' वापरावा लागला. म्हणून पालक म्हणून दुसऱ्या लेखकाची नावाजलेली पात्रं घेऊ नका, वंश घ्या आणि माणसं स्वतःची तयार करा.

शेवटी हे तपासा

- पालकांची नावं झाकली तरी पात्र ओळखू येतं का?
- कोणते दोन गुण एकमेकांशी भांडतात?
- त्याला कुठल्या घरात परकं वाटतं, आणि का?
- फक्त त्याचंच असं काय आहे?

एआयला चित्र काढायला सांगतानाही 'अर्धी एल्फ, अर्धी ड्वार्फ' एवढंच लिहू नका. आधी ही चार उत्तरं लिहा, मग उंची, हात, कपडे, वही असं एकेक सांगा. 'अर्धी' हा शब्द गाळला तरी चालेल, कारण इल्दा एक अख्खी मुलगी आहे.