लोणारच्या खाराची कुळकथा

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार या गावाच्या नावातच लवण आहे. संस्कृत ‘लवण’ प्राकृतात ‘लोण’ झाले, आणि लोककथेने त्याच नावाभोवती दैत्यसूदन विष्णूने वधलेला लवणासुर उभा केला. अबुल फजलने ‘आइन-ए-अकबरी’त मेहकर ‘सरकारा’तील (त्या काळच्या प्रशासकीय विभागातील) येथील सरोवराविषयी लिहिताना काच आणि साबण करण्यास लागणारे द्रव्य येथे मिळते असे नोंदवले आहे. पुढे या द्रव्याच्या, म्हणजे सरोवरातील खाराच्या, व्यवहारात डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावे रूढ झाली. एकाच पाण्यातून निघालेल्या या निरनिराळ्या रूपांचे मूळ कणांच्या हालचालीत आहे.

अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात पडलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून त्यातून पाणी बाहेर वाहून नेणारा एकही ओढा नाही. खडकातून झिजून आलेले सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्याबरोबर तळाशी उतरतात. त्यांपैकी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कार्बोनेटच्या रूपाने गाळात बसतात, सोडियम मात्र पाण्यातच राहते. पाण्याला बाहेर पडण्याची वाट उरते ती एकच, वर आकाशाकडे.

द्रवातील कण एकमेकांच्या ओढीत राहूनही एकमेकांवरून सतत घसरत असतात, पण सर्वांचा वेग सारखा नसतो. एकाच तापमानाला काही कण मंद, काही फार वेगवान असतात, हे मॅक्सवेलने १८६० मध्ये वायूंसाठी गणिताने मांडले, आणि द्रवातील कणांनाही ते लागू पडते. पृष्ठभागाजवळचा पुरेसा वेगवान कण शेजाऱ्यांची ओढ तोडून हवेत निसटतो, म्हणून वैशाखाच्या उन्हात सरोवर उकळी न फुटताही आटते. सोडियम आणि कार्बोनेटचे कण विद्युतभारित असल्याने त्यांना असे निसटता येत नाही. पाणी घटत जाते, ते कण दाटत जातात, आणि पाण्याची विरघळवण्याची मर्यादा ओलांडली की ते ठरावीक रचनेत जागा धरतात; तेथे ते थांबत नाहीत, जागच्या जागी कंप पावत राहतात, आणि अशा रचनेलाच स्फटिक म्हणतात.

येथे वेळेला मोठे महत्त्व आहे. रचना हळूहळू होत गेली तर कणांना योग्य जागा शोधण्यास अवसर मिळतो आणि मोठे, घट्ट स्फटिक वाढतात. काठावरचा पातळ थर झपाट्याने वाळला तर असंख्य ठिकाणी एकदम स्फटिक धरून बारीक चुरा किंवा पातळ पोपडा उरतो. पापडी आणि भुसकी ही नावे ज्यांनी दिली, त्यांनी हा भेद बोटांनी ओळखला होता, आणि या नावांचे मोल पुस्तकी वर्गीकरणाहून उणे नाही.

द्रव आणि स्फटिक ही रूपे सरोवरावर दिसतात, तर वायुरूपाचा धडा स्वयंपाकघरात मिळतो. पापडाच्या पिठात घातलेल्या खारातील बायकार्बोनेट तापले की त्याचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो, पिठातील ओलाव्याची वाफ होते. वायूचे कण एकमेकांच्या ओढीतून जवळजवळ मुक्त असल्याने मिळेल ती जागा व्यापत पिठाच्या थरांवर चहूबाजूंनी आदळतात, आणि निखाऱ्यावर धरलेला पापड फोड धरून फुलतो.