फ्रान्सची ‘आग्रेगासिआँ’ आणि नाकारले गेलेले शिक्षक

जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाची विद्यालये फ्रान्समध्ये बंद पाडण्यात आली, तेव्हा शिक्षकांची मोठी चणचण निर्माण झाली, आणि ती भागवण्यासाठी पंधराव्या लुईच्या कारकिर्दीत, 1766 साली, पॅरिस विद्यापीठात तत्त्वज्ञान, साहित्य व व्याकरण या तीन शाखांसाठी एक स्पर्धा परीक्षा सुरू झाली. ‘आग्रेगासिआँ’ या नावाने ती आजही घेतली जाते आणि तीत यशस्वी होणाऱ्या शिक्षकास ‘आग्रेजे’ म्हणतात. ठरावीक गुण मिळवले की प्रमाणपत्र हाती पडते, असा तिचा व्यवहार नाही; त्या वर्षी जेवढ्या जागा जाहीर होतात त्याहून अधिक उमेदवार घेतलेच जात नाहीत, त्यामुळे शेवटच्या जागेच्या खाली राहिलेल्याची तयारी कितीही पक्की असली तरी निकालात तो अनुत्तीर्णच ठरतो.

आधी लेखी परीक्षा, आणि तीतून तरलेल्यांची तोंडी परीक्षा, असे तिचे दोन टप्पे आहेत. तोंडी परीक्षेतील ‘लसाँ’, म्हणजे पाठ, सर्वांत धास्तीचा: चिठ्ठी उचलून विषय घ्यायचा, काही तासांत त्याची मांडणी करायची आणि परीक्षक मंडळापुढे उभे राहून तो शिकवायचा. येथे उमेदवाराच्या व्यासंगाबरोबर त्याची मतेही परीक्षकांसमोर उघडी पडत, आणि एकोणिसाव्या शतकात, तत्त्वज्ञ व्हिक्तोर कुझँ यांच्या विचारपंथाला सरकारी तत्त्वज्ञानाचे स्थान मिळाले असताना, ही गोष्ट मुळीच किरकोळ नव्हती.

याचा प्रत्यय 1851 मध्ये हिप्पोलित तेन यांना आला. शिक्षक घडवणाऱ्या एकोल नॉर्माल या संस्थेत 1848 साली पहिल्या क्रमांकाने प्रवेश मिळवलेल्या या विद्यार्थ्याचे यश सर्वांनी गृहीत धरले होते. परंतु स्पिनोझाच्या विचारांकडे असलेला त्यांचा ओढा परीक्षकांना रुचला नाही आणि ते नापास झाले. त्यानंतर नव्हेर या लहान गावी त्यांना बदली शिक्षक म्हणून पाठवण्यात आले. डिसेंबर 1851 मध्ये लुई नेपोलियनने सत्ता बळकावली, तेव्हा त्याला पाठिंबा देणाऱ्या निवेदनावर सही करण्यास तेन यांनी नकार दिला. पुढच्या वर्षी तत्त्वज्ञानाची आग्रेगासिआँच रद्द झाली, म्हणजे पुन्हा बसून अपयश धुऊन काढण्याची वाटही उरली नाही. नव्हेरहून प्वातिए आणि तेथून बझाँसाँ येथील खालच्या वर्गावर नेमणूक झाली, तेव्हा त्यांनी रजा मागितली आणि पॅरिस गाठले. संवेदनांवरील त्यांचा प्रबंधही सोर्बोनमध्ये स्वीकारला गेला नव्हता. तरीही त्यांनी ला फोंतेनच्या बोधकथांसारखा निरुपद्रवी वाटणारा विषय निवडून 1853 मध्ये डॉक्टरेट मिळवली. साहित्यसमीक्षेतील त्यांच्या पुढील कीर्तीमुळे ही हकीकत अखेर विजयाची म्हणून सांगितली जाते. परंतु माध्यमिक शाळेने एक असामान्य शिक्षक कायमचा गमावला, हे त्या सांगण्यात झाकले जाते.

तत्त्वज्ञानाची परीक्षा 1863 मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि पुढे तीत अपयश येणे व दुसऱ्यांदा बसणे ही जवळजवळ रीतच होऊन बसली. झां-पॉल सार्त्र 1928 मध्ये नापास होऊन 1929 मध्ये पहिले आले आणि एकवीस वर्षांच्या सिमोन द बोव्हुआर दुसऱ्या. त्यांच्याच अभ्यासगटातील रने माऊ मात्र त्या वर्षी लेखी परीक्षेतच गळाले. तेच पुढे युनेस्कोचे महासंचालक झाले. मिशेल फुको 1950 मध्ये आणि जाक देरिदा 1955 मध्ये अनुत्तीर्ण झाले व दोघेही पुढच्या खेपेस पार पडले. या मंडळींना सावरणारे बळ केवळ स्वभावातून आलेले नव्हते. सोबतचे परीक्षार्थी, सराव-पाठ ऐकून त्यातील उणिवा दाखवणारा ‘काइमाँ’, म्हणजे एकोल नॉर्मालमधील मार्गदर्शक अध्यापक, आणि पुढच्या वर्षीची परीक्षा, एवढा आधार त्यांच्या हाताशी होता. दूरच्या गावात दिवसभर वर्ग घेऊन रात्री एकट्याने तयारी करणाऱ्या शिक्षकाला यातले जवळजवळ काहीच मिळत नसे, आणि अशाच शिक्षकांची संख्या मोठी होती. नामवंतांच्या चरित्रांवरून या परीक्षेतील अपयशाचा अंदाज बांधणे म्हणूनच चुकीचे ठरते.

शिवाय निकालाची खूण रोजच्या वेळापत्रकात राहत असे. 1950 च्या नियमांनुसार आग्रेजेने आठवड्याला 15 तास शिकवायचे, तर ‘कापेस’ ही त्याखालची परीक्षा उत्तीर्ण झालेल्याने 18 तास. एकाच शाळेत, बहुधा त्याच वर्गांना, कमी वेतनावर. पुढे 1980 च्या दशकात सेवेतील शिक्षकांसाठी अंतर्गत आग्रेगासिआँ निघाली आणि काही वर्षे नोकरी झालेल्यांना वेगळ्या स्पर्धेतून तो दर्जा मिळवण्याची सोय झाली. ऐन तारुण्यात नाकारला गेलेला शिक्षक आता वर्गातला अनुभव गाठीशी घेऊन परीक्षकांपुढे उभा राहू शकतो. मात्र येथेही जागा मोजक्याच असतात आणि तयारी शाळेचे तास सांभाळूनच करावी लागते.