बंब पोहोचण्यापूर्वी

दिवाळीनंतर बुलढाणा जिल्ह्यातील गावांतून फिरले, की अनेक घरांत एकच दृश्य दिसते. ओसरीवर, माजघरात, कधी झोपण्याच्या खोलीतही कापूस रचून ठेवलेला असतो. भाव चढेल या आशेने शेतकरी तो लगेच विकत नाही आणि स्वतंत्र गोदाम बहुतेकांकडे नसते. त्याच खोलीत मुले अभ्यास करतात, देवापुढे निरांजन लावले जाते, पलीकडे चूल किंवा गॅसची शेगडी पेटते. अंगाला खाज सुटते म्हणून सगळेच कुरकुरतात. परंतु आपण एका मोठ्या इंधनाच्या साठ्याशेजारी झोपतो आहोत, हा विचार क्वचितच कोणाच्या मनात येतो.

दरवर्षी १४ ते २० एप्रिल या काळात देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. नगरपरिषदेचा लाल बंब चौकात उभा राहतो, जवान प्रात्यक्षिके दाखवतात, शाळांत आणि रुग्णालयांत जाऊन माहिती सांगतात. आग विझवणे हे ज्यांचे काम, त्यांनी शाळेत येऊन बोलायचे कशाला, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारील. त्याचे उत्तर इतिहासात आहे, आणि त्या इतिहासात वऱ्हाडच्या कापसाचाही धागा गुंफलेला आहे.

१८६१ साली एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटला. त्याच वर्षी २२ जून रोजी लंडनमध्ये थेम्स नदीकाठच्या टूली स्ट्रीटवरील वखारींना आग लागली. ताग, अंबाडीसारखे धागे, कापूस, साखर, चरबी असा माल तेथे ठासून भरला होता. लंडनच्या अग्निशामक दलाचे प्रमुख जेम्स ब्रेडवुड आपल्या माणसांना धीर देत असताना भिंत कोसळून त्याखाली सापडले आणि मरण पावले. आग पूर्ण विझायला सुमारे दोन आठवडे लागले.

या आगीतील एक बाब शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. एका दालनातील आग दुसऱ्या दालनात जाऊ नये यासाठी त्या वखारींना लोखंडी दरवाजे बसवलेले होते. त्या दिवशी त्यांतील काही दरवाजे उघडेच राहिले होते. साधन होते, पैसा खर्च झालेला होता; दार लावून घेण्याची सवय तेवढी नव्हती. तोवर लंडनचे अग्निशामक दल विमा कंपन्यांच्या खर्चाने चालत असे. एवढा मोठा फटका बसल्यावर हा भार आपल्याला झेपणार नाही असे त्यांनी सरकारला कळवले. १८६५ साली कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून आग विझवणे ही लंडनमध्ये सार्वजनिक सेवा बनली.

इकडे यादवी युद्धामुळे हिंदुस्थानच्या कापसाला एकाएकी मोल आले. मुंबईहून निघालेली लोहमार्गाची वाट वऱ्हाडातून १८६७ साली नागपूरला पोहोचली. खामगावची कापसाची बाजारपेठ एवढी मोठी, की जलंब ते खामगाव हा केवळ तेरा किलोमीटरांचा फाटा तिच्यासाठी बांधण्यात आला. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी त्याचे उद्घाटन केले. बैलगाड्यांतून येणारा सैल कापूस आता जिनात सरकीपासून वेगळा होऊ लागला, वाफेच्या दाबयंत्राखाली त्याच्या गाठी बांधल्या जाऊ लागल्या आणि रेल्वेने त्या मुंबईच्या बंदरात जाऊ लागल्या. मालाबरोबर त्याचा धोकाही एकवटला. शेतात विखुरलेला कापूस पेटला तर एका शेतकऱ्याचे नुकसान होते. गोदामात किंवा जहाजात गाठींच्या रूपाने तो पेटला, तर गोष्ट वेगळी असते.

कापसाची आग अवघड का, हे थोडे समजून घेऊ. कापूस म्हणजे बहुतांशी सेल्युलोज. तंतू अतिशय बारीक असल्याने वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग प्रचंड असतो आणि तंतूंच्या मध्ये हवा अडकलेली असते. म्हणून सैल कापसावरून ज्वाला वाऱ्यासारखी धावते. घट्ट गाठीचे वागणे निराळे. तिच्या पृष्ठभागावरची ज्वाला विझते, परंतु आतल्या थोड्याशा हवेवर ती धुमसत राहते. वरून काही दिसत नाही. दोन-तीन दिवसांनी गाठ फोडली, की ताजी हवा मिळते आणि आग पुन्हा उसळते.

आणखी एक अडचण आहे, आणि ती काडीही न पेटवता वर्गात दाखवता येते. दोन पेल्यांत पाणी घ्या. एकात बोंडातून काढलेला, सरकी वेगळी केलेला कापूस टाका. दुसऱ्यात औषधांच्या दुकानातील कापूस. दुकानातला कापूस काही सेकंदांत भिजून बुडेल. शेतातला मात्र बराच वेळ तरंगत राहील. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणासारखा पातळ थर असतो आणि तो पाण्याला आत येऊ देत नाही. औषधी कापूस तयार करताना हा थर काढून टाकलेला असतो. आता पहिल्या पेल्यात थोडे साबणाचे पाणी मिसळा आणि काय होते ते मुलांनाच पाहू द्या. कापसाच्या आगीवर मारायच्या पाण्यात तसाच पदार्थ का मिसळतात, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

खामगावच्या फाट्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी मुंबईला या गुणधर्मांची फार मोठी किंमत मोजावी लागली. १९४४ सालच्या एप्रिलमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागले होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठीही होत्या. १४ एप्रिलला दुपारी जहाजाच्या तळाकडून धूर येऊ लागला. बंबवाल्यांनी नऊशे टनांहून अधिक पाणी आत सोडले, तरी धुमसणारा कापूस विझेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. त्याची थरथर सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटली. पेटत्या कापसाच्या गाठी आकाशातून शहरावर पडल्या आणि जेथे पडल्या तेथे नव्या आगी लागल्या. शेकडो माणसे गेली. आग विझवताना मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ.

स्वातंत्र्यानंतर या सेवेचे शास्त्रीय शिक्षण देशात उभे राहिले. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आले. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने आग विझवणे हे नगरपरिषदांचे आवश्यक कर्तव्य ठरवले. पुढे महाराष्ट्राने २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा केला. तो २००८ च्या अखेरीस अमलात आला. या कायद्याने इमारतीतील अग्निरोधक व्यवस्था चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर आणि वापरणाऱ्यावर टाकली आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, तसे प्रमाणपत्र देणे बंधनकारक केले. टूली स्ट्रीटच्या उघड्या दरवाजांना दिलेले हे कायद्याचे उत्तर म्हणता येईल.

शाळांपुरते बोलायचे, तर १६ जुलै २००४ हा दिवस विसरता येणार नाही. तामिळनाडूत कुंभकोणम येथील शाळेच्या स्वयंपाकघरातून उठलेली आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुले दगावली. त्यानंतरच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला. सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे असे न्यायालयाने म्हटले. शाळेत अग्निशामक उपकरणे असावीत आणि ती वापरण्याचे शिक्षण शिक्षकांना मिळावे, असाही त्यात आदेश आहे. म्हणजे हे काम आपल्या मर्जीवर सोडलेले नाही.

आता बुलढाण्याकडे परत येऊ. जिल्ह्याचे क्षेत्रफळ साडेनऊ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, गावे चौदाशेहून जास्त. बंब असतो तो नगरपरिषदेच्या शहरात. गाव तीस किलोमीटर दूर असेल आणि बंब ताशी पंचेचाळीस किलोमीटर वेगाने येऊ शकला, तरी चाळीस मिनिटे लागतात. सोयाबीनची गंजी किंवा कापसाची खोली तेवढा वेळ थांबत नाही. यात बंबवाल्यांचा दोष नाही. हे साधे अंकगणित आहे. पहिल्या दहा मिनिटांत जे करायचे ते जागेवरच्या माणसांनाच करावे लागते. शाळेत येऊन बोलणे हे अग्निशमन दलाच्या कामाचा भाग ठरते ते याच कारणाने.

१ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ समृद्धी महामार्गावर एक खासगी बस उलटली आणि पेटली. आतील ३३ जणांपैकी २५ जण गेले. बस दाराच्या बाजूवर पडल्याने दार बंद झाले होते. जे वाचले त्यांतील काहींनी काच फोडून बाहेर येण्याची वाट काढली. गेलेल्यांनी काही चूक केली असे यावरून मुळीच म्हणता येत नाही; झोपेत आणि अंधारात कोणाला किती क्षण मिळाले हे कोण सांगणार? तरीही सहलीच्या बसमध्ये चढल्यावर आपत्कालीन दार कोठे आहे आणि काच फोडायची हातोडी कोठे आहे, हे मुलांना बोट दाखवून सांगायला दोन मिनिटे पुरतात.

आगीइतकाच महत्त्वाचा विषय भाजण्याचा. भाजल्यावर प्रथम काय लावाल, असे वर्गात विचारून पाहा. शाई, हळद, तूप, टूथपेस्ट अशी उत्तरे येतील. आमच्या लहानपणीही तीच येत असत. वास्तविक भाजलेल्या अंगावर थंड पाण्याचा उपयोग होतो, हे लंडनचे शल्यविशारद जेम्स अर्ल यांनी १७९९ साली पुस्तक लिहून सांगितले होते. ज्वाला विझली तरी कातडीत शिरलेली उष्णता आतल्या थरांना इजा करीतच राहते. वाहते पाणी ती काढून घेते. भाजलेला भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ लावू नये. सूज येण्यापूर्वी बांगड्या, अंगठी काढावी. फोड फोडू नयेत. स्वच्छ कापडाने सैलसर झाकावे; कापूस मात्र ठेवू नये, कारण त्याचे तंतू जखमेला चिकटतात. भाजणे मोठे असेल तर पाणी ओतत असतानाच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तर पळू नये. पळताना वारा लागतो आणि ज्वाला चेहऱ्याकडे चढते. थांबायचे, आडवे व्हायचे, लोळायचे. खोलीत धूर भरला असेल तर खाली वाकून किंवा रांगत बाहेर यायचे, कारण गरम धूर वर चढतो आणि श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत उरते. हे फळ्यावर लिहून देण्यापेक्षा मैदानावर करून घेतलेले बरे. संकटात डोके चालत नाही, सवय चालते.

एक सूचना करावीशी वाटते. अग्निशमन सप्ताह एप्रिलमध्ये येतो तेव्हा शाळांत परीक्षांची गडबड असते आणि १४ एप्रिलला डॉ. आंबेडकर जयंतीची सुट्टी असते. मुलांपर्यंत हा विषय धडपणे पोहोचत नाही. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात शाळेने नगरपरिषदेच्या अग्निशमन दलाला दिवाळीपूर्वी बोलवावे. फटाके पुढे असतात, कापूस घरात येऊ लागलेला असतो आणि शिकलेले लगेच उपयोगी पडते. त्या दिवशी मुलांना घरचा नकाशा काढायला सांगावा. कापूस कोठे, चूल कोठे, विजेचे बटण कोठे, बाहेर पडण्याच्या वाटा किती? कापसाच्या ढिगाने एखादे दार अडले असेल तर ते नकाशातच दिसेल. १०१ आणि ११२ हे क्रमांक त्याच कागदावर लिहावेत.

तेलाच्या आगी विझवणारा फेस अलेक्सांद्र लोरान यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शोधला. बाकू या तेलाच्या शहरात ते शाळेत शिकवत असत. भोवतालच्या आगी पाहून त्यांना प्रश्न पडला आणि त्यांनी त्याचा पिच्छा पुरवला. आपल्याभोवती तेलविहिरी नाहीत, कापूस आहे. आपल्या वर्गातील एखादी मुलगी घरी जाऊन आईला म्हणाली, की निरांजन आज दुसऱ्या खोलीत ठेवू या, तर त्या दिवसाचा पाठ पुरा झाला असे समजावे.