सुट्टीला जाताना काय न्यावे? सौदीतल्या हस्तकलेच्या भेटवस्तू : एक माहितीपत्रक



शाळांना सुट्ट्या लागल्या, तिकिटे हातात आली की आपल्या प्रत्येक घरात एकच प्रश्न सुरू होतो : "घरी काय न्यायचे?" एके काळी याचे उत्तर सोपे होते. बत्थ्यात एक चक्कर मारायची, टँग, निडो, टायगर बाम, चॉकलेटची पाकिटे आणि जमले तर एक जाडजूड कोरियन ब्लँकेट बॅगेत कोंबायचे. आता हे सगळे नाशिक-सांगलीच्या दुकानातही मिळते. आखातातून आलेल्या पाहुण्याने बॅग उघडली की पूर्वी जी उत्सुकता असायची, ती आता राहिलेली नाही.

मग अनेक जण ‘काहीतरी अरबी’ शोधतात. इथेच खरी गंमत आहे. बाजारात ‘सौदी आठवण’ म्हणून मिळणाऱ्या वस्तूंपैकी बऱ्याच चीन, तुर्कस्तान आणि भारतातून आलेल्या असतात. मुरादाबादची पितळी भांडी जगभर निर्यात होतात. तिथला एखादा दल्ला (कॉफीची नक्षीदार किटली) रियाधला विकत घेऊन पुन्हा पुण्याला नेणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

म्हणून या लेखात आम्ही सौदीत हाताने बनणाऱ्या वस्तू कोणत्या, त्या कुठे मिळतात, खऱ्या कशा ओळखायच्या आणि नेताना काय काळजी घ्यायची, याची माहिती एकत्र केली आहे.

एवढा खटाटोप कशासाठी?

आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. वारली चित्रे मुळात लग्नाच्या चौकासाठी घराच्या भिंतीवर बायका काढत. आज वारलीची नक्षी कप, उशा, चादरींवर मशीनने छापून विकली जाते आणि त्यातला एक रुपयाही पालघरच्या पाड्यावर पोचत नाही. जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही, तेव्हा आपल्याला राग आला. तो राग रास्त होता. मग इथल्या असीरच्या किंवा हसाच्या कारागिराच्या बाबतीत आपण वेगळे का वागावे? नक्षी आवडली म्हणून छापील नक्कल घेतली, तर आपणही तेच करतो.

सौदीच्या सांस्कृतिक मंत्रालयाने २०२५ हे ‘हस्तकला वर्ष’ म्हणून जाहीर केले होते. त्या निमित्ताने प्रदर्शने झाली, जाहिराती झाल्या. पण कारागिराचा हात चालू राहतो तो गिऱ्हाईक आले तरच. इथे वर्षानुवर्षे राहणारे आपण त्याचे गिऱ्हाईक होऊ शकतो.

काय घ्यावे?

१) सादू विणकाम. वाळवंटातल्या बदू स्त्रियांची ही कला. मेंढी, शेळी आणि उंटाच्या केसांचे सूत चातीवर कातायचे आणि जमिनीवर आडवा माग मांडून विणायचे. तंबूचे कापड, पिशव्या, उंटाचे साज असे सगळे यातून बनत असे. युनेस्कोने २०२० साली सौदी आणि कुवेत यांच्या नावाने सादूची नोंद आपल्या यादीत केली. आपल्या घोंगडीशी याचे जवळचे नाते आहे : तीच मेंढीची लोकर, तोच खरखरीत ऊबदार स्पर्श. फरक असा की आपल्याकडे घोंगडी विणण्याचे काम सणगर समाजाकडे, तर इथे हे काम बायकांचे. भेटीसाठी छोटी पिशवी, उशीचा अभ्रा किंवा भिंतीवर लावायचा पट्टा उत्तम.

२) अल-कत्त अल-असीरी. नैर्ऋत्येच्या असीर डोंगरात घरातल्या, विशेषतः पाहुण्यांच्या खोलीतल्या भिंती स्त्रिया रंगवतात. त्रिकोण, चौकटी, रेघा आणि भडक, प्रसन्न रंग. २०१७ मध्ये युनेस्कोने या कलेची नोंद केली. ही कला टिकवण्यासाठी आणि पुढच्या पिढीला शिकवण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्या फातिमा अबू गहास यांचे २०१० साली निधन झाले. आज या शैलीतले लाकडी ट्रे, डबे, चौकटी मिळतात. वारली आवडणाऱ्या मंडळींना ही भेट हमखास आवडेल. दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लावली तर भिंतीला शोभा येईल आणि गप्पांना विषयही मिळेल.

३) हसाच्या वस्तू. अल-हसा हे खजुराच्या बागांचे मोठे ओॲसिस. २०१५ मध्ये युनेस्कोने त्याला हस्तकला आणि लोककला या गटात ‘सर्जनशील शहर’ म्हणून निवडले आणि २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान दिला. इथे तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे अल-कारा डोंगराजवळची मातीची भांडी : पाण्याचे माठ, धूपदाण्या, छोटे कुंडे. दुसरी खूस, म्हणजे खजुरीच्या पानांच्या टोपल्या, चटया, पंखे. कोकणातल्या मंडळींना नारळीच्या झावळ्यांची आठवण होईल. तिसरी बिश्त, म्हणजे समारंभात थोबवर घालायचा झगा. १८ डिसेंबर २०२२ ला विश्वचषक उचलताना मेस्सीच्या अंगावर कतारच्या अमिरांनी घातला होता तोच पोशाखाचा प्रकार. बिश्तच्या काठाला हाताने जर भरतात आणि तिला इथेही ‘जरी’च म्हणतात. पैठणीच्या माणसाला आणखी काय सांगावे! हाताचा बिश्त महाग असतो, भेट म्हणून परवडणार नाही. पण काम पाहायला मुलांना जरूर न्यावे.

४) ताइफचे गुलाब अत्तर. ताइफच्या डोंगरात मार्च-एप्रिलच्या सुमारास गुलाब फुलतो. पहाटे फुले खुडून तांब्याच्या भांड्यांत त्यांचे ऊर्ध्वपातन करतात. ताइफच्या गुलाबाशी निगडित प्रथा २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्या. अत्तर इथे चक्क तोळ्यावर विकतात! एका तोळ्यासाठी सुमारे १२ हजार फुले लागतात असे इथले लोक सांगतात. साहजिकच अस्सल तोळ्याची किंमत हजार रियालच्या पुढे जाते. त्यामुळे ३० रियालची ‘ताइफ गुलाब’ कुपी म्हणजे काय ते समजून जावे. खिशाला परवडणारी आणि खरी भेट हवी असेल तर त्याच कारखान्यातले गुलाबपाणी घ्यावे.

५) इतर. चामड्याच्या नजदी चपला : अंगठ्याचा फासा पाहून कोल्हापुरीचीच आठवण होते. जेद्दाच्या जुन्या घरांच्या ‘रोशन’ म्हणजे जाळीदार लाकडी सज्जांच्या छोट्या प्रतिकृती. (मूळ सज्जांसाठी सागवान भारत आणि जावातून येत असे.) आणि हाताने ठोकलेला दल्ला : चांगल्या जुन्या दल्ल्यावर करणाऱ्याचा ठसा असतो.

कुठे घ्यावे?

रियाध : मस्मक किल्ल्याजवळचा सूक अल-झल. बिश्त, चपला, जुनी भांडी, अत्तरे सगळे एका जागी. आयात मालही भरपूर, तेव्हा डोळे उघडे ठेवून फिरावे. ‘बनान’ नावाचा आंतरराष्ट्रीय हस्तकला सप्ताह २०२४ मध्ये नोव्हेंबरात रियाधला झाला होता. अशा प्रदर्शनात कारागीर स्वतः समोर बसलेला असतो.

दम्माम-खोबर : हुफूफ सुमारे दीडशे किलोमीटरवर. तिथला कैसरिया बाजार २००१ च्या आगीनंतर जुन्या धर्तीवर पुन्हा बांधला आहे. रियाधकरांनाही हुफूफला रेल्वेने जाता येते. रियाध-दम्माम गाडी तिथे थांबते. मुलांना घेऊन जायला सोयीचे.

जेद्दा : अल-बलद, म्हणजे जुने शहर, २०१४ पासून जागतिक वारसा यादीत. ताइफ इथून अल-हदा घाटाने साधारण दोन तासांवर. मात्र मक्केच्या हद्दीत मुस्लिमेतरांना प्रवेश नसल्याने आपण वळसा घालणारा बाह्यमार्ग धरायचा असतो. रस्त्यावरच्या पाट्या आधीच नीट वाचाव्यात, जीपीएसच्या भरवशावर राहू नये.

अभा : मंगळवारचा बाजार (सूक अल-सुलासा), आपल्या आठवडी बाजारासारखा. जवळचे रिजाल अल्मा गाव कत्त पाहण्यासाठी.

कसीम : बुरैदा इथली ‘हिरफा’ ही हस्तकला करणाऱ्या महिलांची सहकारी संस्था.

याशिवाय मॉलमध्ये किंवा उत्सवात ‘अल-उसर अल-मुन्तिजा’ अशी पाटी दिसली तर थांबावे. याचा अर्थ ‘उत्पादक कुटुंबे’. घरी बसून वस्तू बनवणाऱ्या बायकांचे हे स्टॉल. आपल्या बचत गटांसारखेच म्हणा ना!

खरी वस्तू कशी ओळखावी?

• सादू उलटून पाहावा. छापील कापडाची मागची बाजू फिकी असते. हाताच्या विणीत थोडी असमानता, लोकरीचा वास आणि अरुंद पट्टे जोडलेली शिवण दिसते.
• कत्तच्या ट्रेवर बोट फिरवावे. रंगाचा थर हाताला लागतो आणि रेघ जरा हलते. दहा ट्रे हुबेहूब सारखे असतील तर ती छपाई.
• मातीच्या भांड्याच्या आत बोटांचे आणि चाकाचे वळ असतात. साच्यातले भांडे आतून गुळगुळीत असते.
• सगळ्यात सोपी कसोटी म्हणजे प्रश्न. "शुगल यद?" (हातकाम आहे का?), "मिन वेन हाजा?" (हे कुठून आले?), "मीन सव्वाहा?" (हे कोणी केले?). ज्याच्याकडे खरा माल आहे तो गावाचे, बाईचे, कुटुंबाचे नाव सांगतो. ज्याच्याकडे नाही तो फक्त "कोयिस, कोयिस" म्हणत किंमत कमी करतो.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. काही दुकानांत मागे बसलेला कारागीर आपल्याच उपखंडातला असतो. म्हणून वस्तू खोटी ठरत नाही. वर्षानुवर्षे इथे बसून जरी भरणारा हातही इथलाच. पण त्याचाही उल्लेख आपण घरी सांगताना करावा.

घासाघीस, फोटो आणि वेळा

बत्थ्यात अर्ध्या किमतीपासून सुरुवात करायची सवय इथे नको. बाजारातल्या दुकानदाराशी थोडी घासाघीस चालते, पण स्वतः विणणाऱ्या बाईकडून दहा रियाल कमी करून घेतले तर ते तिच्या मजुरीतून जातात. दोन-तीन नग एकदम घेऊन सवलत मागणे जास्त बरे. स्त्री कारागिरांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये. वस्तूचा फोटो काढायला बहुतेक जणी आनंदाने हो म्हणतात. शुक्रवारी सकाळी बाजार बंद असतात. २०२१ पासून नमाजाच्या वेळी दुकाने उघडी ठेवायला परवानगी आहे, तरी छोटे विक्रेते अजूनही दुकान मिटतात. असरनंतर गेलेले उत्तम.

बॅगेत भरताना

• अत्तर, गुलाबपाणी चेक-इन सामानात, झाकणाला टेप लावून, प्लास्टिकच्या पिशवीत. हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी बाटली चालत नाही.
• मातीची भांडी थोबमध्ये किंवा टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेच्या मध्यभागी.
• नजरानचा जंबिया (वाकडा खंजीर) देखणा असतो, पण शस्त्र म्हणून विमानतळावर अडचण येऊ शकते. टाळावा.
• ऊद म्हणजे अगरू. इथे सर्वात मानाचा ऊद ‘हिंदी’ म्हणूनच विकला जातो आणि तो आपल्या ईशान्य भारतातला! अगरूच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, तेव्हा लाकडाचे तुकडे नेण्याआधी नियम पाहावेत.
• ‘फार पुरातन’ म्हणून विकली जाणारी वस्तू घेऊ नये. पुरावस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेणे गुन्हा आहे.
• बिल जपून ठेवावे. १५ टक्के व्हॅट (जुलै २०२० पासून) त्यातच दिसतो आणि भारतात कस्टम्सने विचारले तर किंमत दाखवता येते.

आणि परत येताना...

भेटवस्तू एकाच दिशेने का जावी? इथल्या सौदी सहकाऱ्यांसाठी, ईदसाठी, आपणही कारागिरांकडून काही आणू शकतो : छत्रपती संभाजीनगरची हिमरू शाल, सावंतवाडीची लाकडी फळे, कोल्हापुरी चपला, पैठणीच्या काठाचा बटवा. देवांच्या मूर्ती किंवा चित्रे असलेल्या वस्तू मात्र भेट म्हणून आणू नयेत.

जाता जाता एक छोटी सूचना

प्रत्येक भेटीसोबत एक चिठ्ठी ठेवावी. त्यावर तीन ओळी पुरेत : वस्तूचे नाव, गावाचे नाव आणि सांगितले असेल तर करणाऱ्याचे नाव. मुलांकडून लिहून घेतली तर त्यांचे मराठीही सुधारेल! आजीच्या शोकेसमध्ये ठेवलेल्या टोपलीकडे बोट दाखवून नातू जेव्हा "ही हसाच्या खजुरीच्या पानांची आहे" असे सांगेल, तेव्हा आपण राहतो तो देश आजीलाही थोडा कळेल.

सर्वांना सुट्टीच्या आणि सुखरूप प्रवासाच्या शुभेच्छा!