मऊ यंत्रमानवाचे अवघड गणित

कारखान्यातील पोलादी यंत्रमानवाच्या हाताला बहुधा सहा सांधे असतात. त्या सहा सांध्यांचे कोन कळले की हाताचे टोक नेमके कुठे आहे, हे कागदावर मांडता येते. जॅक डेनाव्हिट आणि रिचर्ड हार्टेनबर्ग यांनी १९५५ मध्ये सुचवलेली त्यासाठीची रीत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवली जाते. सिलिकॉन रबराच्या हाताला मात्र सांधाच नसतो. आत हवा भरली की तो वाकतो, लांबतो, पीळ खातो आणि समोरच्या वस्तूभोवती वळसा घेतो. त्याचा प्रत्येक बिंदू हलू शकतो. म्हणजे गणिताच्या भाषेत त्याला अनंत सांधे आहेत. ‘सॉफ्ट रोबोटिक्स’ या ज्ञानशाखेत संगणकीय प्रारूपे आणि सिम्युलेशन यांना जे महत्त्व आले, ते या अनंताला आवर घालण्याच्या गरजेतून.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतील कुतूहलाचा नाही. ऑक्टोपसच्या हाडविरहित बाहूवरून प्रेरणा घेऊन युरोपात २०१२ ते २०१५ या काळात ‘स्टिफ-फ्लॉप’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. पोटातील नाजूक अवयवांना इजा न करता वळणे घेत आत शिरणारे, शस्त्रक्रियेसाठीचे मऊ उपकरण घडवणे हे त्याचे उद्दिष्ट होते. असे उपकरण शरीरात असताना त्याचे टोक कुठे आहे, याचा अंदाज काही मिलिमीटरनी चुकणेही परवडणारे नाही. शिवाय उत्तर हवे ते सेकंदाच्या लहानशा अंशात. तासाभराने मिळालेले अचूक उत्तर शल्यविशारदाच्या काय कामाचे?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बाहूचा प्रत्येक खंड वर्तुळाचा एक तुकडा आहे, असे मानून चालणे. मग खंडाची लांबी, वक्रता आणि वाकण्याची दिशा या तीन आकड्यांत काम भागते. आकडेमोड क्षणात होते. परंतु बाहूने एखादी वस्तू उचलली किंवा तो स्वतःच्याच वजनाने लोंबला, की वर्तुळ बिघडते आणि हिशेबही बिघडतो.

त्याहून भरवशाची दुसरी पद्धत शतकाहून जुनी आहे. एजेन आणि फ्रांस्वा कोसेरा या फ्रेंच बंधूंनी १९०९ मध्ये लवचीक पदार्थांविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या सिद्धांतावर आधारलेले प्रारूप बारीक काठीसारख्या वस्तूचे वाकणे, पिळणे, ताणणे आणि कातरणे या चारही गोष्टी एकत्र विचारात घेते. यंत्रमानव हा शब्ददेखील तेव्हा जन्मला नव्हता, तरी सोंडेसारख्या बाहूंसाठी आज याच समीकरणांचा आधार घेतला जातो.

बाहू लांबट नसून पंजासारखा किंवा वेडावाकडा असेल, तर ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धतीला पर्याय उरत नाही. वस्तूचे हजारो लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरील ताण शोधायचा, अशी ही मूळची विमानबांधणीच्या क्षेत्रात वाढलेली पद्धत. ती अचूक, पण मंद. या मंदपणावर उपाय आला तो वैद्यकाच्या दारातून. ‘सोफा’ ही मुक्त संगणक प्रणाली मुळात वैद्यकीय सिम्युलेशनसाठी विकसित झाली होती. यकृत काय किंवा सिलिकॉन काय, दोन्ही दाबले की दबणारच. फ्रान्समधील इन्रिया संस्थेचे क्रिस्तियां द्युरिएझ यांनी २०१३ मध्ये या प्रकारचे गणित पुरेशा वेगाने सोडवून रबरी यंत्रमानवाचे नियंत्रण करता येते, हे दाखवले. टोक हवे तिथे पोहोचण्यासाठी कुठून किती ओढावे, असा उलटा प्रश्न त्यात संगणकाला विचारला जातो. २०१८ मध्ये ओलिव्हिए गुरी आणि द्युरिएझ यांनी आणखी एक युक्ती वापरली. यंत्रमानव कोणकोणते आकार घेतो, हे आधीच मोजून त्यातील मोजके मूळ आकार निवडायचे आणि पुढे त्यांच्याच मिश्रणातून काम भागवायचे. तबल्याचे बोल मोजके असतात, कायदे कितीतरी बांधले जातात. त्यातलाच हा प्रकार.

चित्रपटसृष्टीचाही या क्षेत्रावर उपकार आहे. ‘फ्रोझन’ या २०१३ च्या चित्रपटातील बर्फ ज्या कणाधारित पद्धतीने साकारला होता, तिच्याच धर्तीवर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०१९ मध्ये ‘चेनक्वीन’ हे सिम्युलेशन सादर केले. यंत्रमानव कसा हलेल एवढेच ते सांगत नाही. रचनेत कोणत्या दिशेने बदल केला तर तो अधिक चांगला हलेल, हेही त्यातून कळते.

एवढे करूनही पडदा आणि प्रत्यक्ष यांत अंतर राहतेच. पोलाद मर्यादेत ताणले तर ते हूकच्या सरळ नियमाने वागते. रबर तसे वागत नाही. त्यासाठी मेल्विन मूनी यांनी १९४० मध्ये आणि रोनाल्ड रिव्हलिन यांनी त्याच दशकात सूत्रे दिली, पण त्यांतील स्थिरांक प्रत्येक रबरासाठी पट्टी ताणून प्रयोगानेच काढावे लागतात. त्यातही, प्रथम ताणल्यानंतर रबर काहीसे सैल पडते. ‘मुलिन्स परिणाम’ या नावाने ओळखला जाणारा हा गुण लक्षात न घेता काढलेले आकडे पहिल्याच वापरानंतर खोटे ठरू शकतात. साच्यात ओतताना राहिलेला हवेचा बुडबुडा किंवा एका बाजूला किंचित पातळ झालेली भिंत, यांची तर प्रारूपाला गंधवार्ताही नसते. हवा भरताच बाहू नेमका त्या पातळ बाजूने फुगतो.

म्हणूनच अनेक प्रयोगशाळांत प्रारूप एकदा तयार करून सोडून दिले जात नाही. कॅमेरे आणि बाहूत बसवलेले ताणमापक प्रत्यक्ष आकार टिपत राहतात, पडद्यावरील आकाराशी त्याची तुलना होते, आणि तफावत दिसली की स्थिरांक पुन्हा जुळवून घेतले जातात.