पानगळीचे रंग आणि कोडाक्रोम

अमेरिकेच्या ईशान्य भागात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मेपलची राने पिवळी, नारिंगी, लालभडक होतात. हे रंग एकाच वाटेने येत नाहीत. पिवळी कॅरोटिनॉइड द्रव्ये पानात आधीपासूनच असतात. हरितद्रव्य नाहीसे झाले की ती दिसू लागतात. लाल अँथोसायनिन मात्र पान गळण्याच्या सुमारास नव्याने तयार होते. हा फरक लक्षात ठेवून आपण या रंगांचे चित्रण करणाऱ्यांच्या एका लाडक्या फिल्मचा, कोडाक्रोमचा, इतिहास पाहू.

कोडाक्रोमचे दोन्ही जनक संगीतकार होते. लिओपोल्ड मान्नेस पियानो वाजवीत, तर लिओपोल्ड गोडाव्स्की व्हायोलिन. शाळकरी वयापासून दोघे रंगीत छायाचित्रणाचे प्रयोग करीत असत. १९३० मध्ये ते रॉचेस्टर येथील कोडाकच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. अंधाऱ्या खोलीत ब्राम्सची सिंफनी शिटीवर वाजवून ते वेळ मोजत, असे सांगतात. १९३५ मध्ये सिनेमासाठी आणि १९३६ मध्ये स्थिरचित्रांसाठी ही फिल्म बाजारात आली.

फिल्मवर प्रकाशसंवेदी असे तीन मुख्य थर होते: वरचा निळ्या प्रकाशासाठी, मधला हिरव्यासाठी, तळचा लालसाठी. रंग निर्माण करणारी द्रव्ये थरांत घातली तर ती एका थरातून दुसऱ्यात पसरत. म्हणून ती फिल्ममध्ये न घालता धुलाईच्या द्रावणांत घालण्याची युक्ती या दोघांनी काढली. १९३८ पासूनची पद्धत अशी: आधी तिन्ही थरांत कृष्णधवल प्रतिमा उमटवायची. मग उरलेल्या चांदीच्या क्षारांवर खालून लाल प्रकाश टाकून तळच्या थरात हिरवट निळा रंग आणायचा. वरून निळा प्रकाश टाकून वरच्या थरात पिवळा. शेवटी मधल्या थरात किरमिजी. नंतर चांदी काढून टाकली की केवळ रंग उरत. चित्रात मेपलचे लाल पान असेल तेथे हिरवट निळा रंग तयारच होत नसे. पिवळा आणि किरमिजी मिळून लाल दिसे. म्हणजे कोडाक्रोमचे सारेच रंग, पानातील लालीप्रमाणे, अखेरीस नव्याने तयार होत.

याचा फायदा मोठा होता. थर पातळ असल्याने चित्र रेखीव येई, आणि अंधारात ठेवलेल्या पारदर्शिकांचे रंग अनेक दशके टिकत. तोटाही त्यातच होता. ही धुलाई घरी करणे जवळजवळ अशक्य; त्यासाठी सुसज्ज प्रयोगशाळाच लागे. डिजिटल कॅमेरे आल्यावर गिऱ्हाईक आटले. जून २००९ मध्ये कोडाकने उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. कॅन्सास राज्यातील पार्सन्स गावच्या ड्वेन्स फोटो या अखेरच्या प्रयोगशाळेने ३० डिसेंबर २०१० पर्यंत रोल स्वीकारले. त्या वर्षीची पानगळ कोडाक्रोमची शेवटची ठरली.

ज्यांचे रोल तेव्हा कपाटातच राहिले, त्यांची अडचण आता आपल्याला समजेल. त्या रोलमध्ये रंग नाहीतच. आज धुतल्यास कृष्णधवल चित्र मिळू शकेल, पण पानांची लाली त्यात दिसणार नाही. फिल्म जपली, पण तिची धुलाई जपली गेली नाही.

शाळेत किंवा घरी जुन्या पारदर्शिका असतील, तर चौकटीवर 'कोडाक्रोम' असे नाव आहे का ते पाहावे. त्या कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. दमट हवेत बुरशी धरते. प्रोजेक्टरच्या प्रखर प्रकाशात मात्र फार वेळ ठेवू नयेत. तेथे हे टिकाऊ रंगही विटतात.