पांढरं जाणं: एका तक्रारीचा इतिहास

पद्मनाभपुरात आमच्या गल्लीत मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी बोलणाऱ्या बायका एकत्र नांदतात. साखर, गुडघे, रक्तदाब हे विषय हळदीकुंकवातही निघतात. पण एक तक्रार कुणीच मोठ्याने सांगत नाही. हिंदीत तिला ‘सफेद पानी’ म्हणतात, आपल्या मराठीत ‘पांढरं जाणं’, किंवा नुसतंच ‘अंगावरून जातं’. काय जातं आणि कुठून जातं, हे त्या वाक्यात नसतंच. समजणारीने समजून घ्यायचं. या न बोललेल्या तक्रारीचा इतिहास मला शोधावासा वाटला, आणि त्यातलं सर्वांत महत्त्वाचं पान आमच्या जवळच सापडलं.

1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आमचं दुर्ग नागपूरच्या राजधानीखालीच होतं. 1973 मध्ये राजनांदगाव वेगळं होण्याआधी दुर्ग जिल्ह्याची हद्द चांदा जिल्ह्याला भिडत होती. त्याच चांद्यातून 1982 साली गडचिरोली जिल्हा झाला. तिथे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था काढली आणि तेंदूपत्त्याच्या एका गोदामातून काम सुरू केलं. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. बायका त्यांच्याशी बोलू लागल्या आणि दुखण्यांची एक न संपणारी यादी पुढे आली.

त्या काळी सरकारी आरोग्यसेवेत खेड्यातल्या बाईची गाठ पडायची ती बहुधा बाळंतपणासाठी नाहीतर नसबंदीसाठी. या दोन्हींच्या मधल्या काळात तिच्या शरीरात काय चाललं आहे, हे गावात जाऊन कुणी मोजत नव्हतं. बंग दांपत्याने वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजारांपैकी किमान एक होता. सरासरी काढली तर एकेकीला 3.6. त्यांतले निम्मे आजार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे होते. आणि याआधी कधी अशी तपासणी व उपचार झालेल्या बायका होत्या फक्त 8 टक्के.

मला थांबवणारा आकडा मात्र वेगळा आहे. 55 टक्के बायकांनी काही ना काही तक्रार सांगितली होती, 45 टक्के म्हणत होत्या की त्रास काहीच नाही. आजार मात्र जवळजवळ सगळ्यांनाच. म्हणजे कितीतरी जणी आजाराला आजारच मानत नव्हत्या, किंवा तो त्यांना जाणवतच नव्हता. बाई दवाखान्यात येईल तेव्हा बघू, असं म्हणणारी आरोग्यसेवा यांच्यापर्यंत कशी पोचणार?

हे जंतू नेमकं करतात काय, हे समजायला विज्ञानालाही बराच काळ लागला. 1892 मध्ये आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरने निरोगी योनिमार्गात राहणाऱ्या एका जिवाणूचं वर्णन केलं. दह्यातल्या जिवाणूंच्याच कुळातला हा लॅक्टोबॅसिलस. योनीच्या पेशींत ग्लायकोजेन साठलेलं असतं. एन्झाइम, म्हणजे विकरं, त्याचे तुकडे करतात आणि लॅक्टोबॅसिलस त्यांपासून लॅक्टिक आम्ल बनवतो. या आंबटपणात इतर जंतूंचा सहसा टिकाव लागत नाही. थोडा पांढरा स्राव तर निरोगी बाईलाही असतो. ती काही शक्तिक्षयाची खूण नव्हे.

लॅक्टोबॅसिलस कमी झाले की गार्डनेरेला, प्रिव्होटेला असे दुसरे जंतू वाढतात. त्यांच्यापैकी काही सियालिडेज नावाचं विकर सोडतात. ते तिथल्या चिकट श्लेष्माच्या संरक्षक थरातली साखर कापून काढतं, आणि थर विरळ होतो. स्राव पातळ होतो, त्याला माशासारखा वास येतो. या अवस्थेला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. तिच्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा, गर्भाशय व नलिकांच्या संसर्गाचा आणि एचआयव्ही लागण्याचा धोका वाढतो. आणि अनेक जणींना ही अवस्था असूनही जाणवत नाही. गडचिरोलीच्या 45 टक्क्यांचा काही उलगडा इथे होतो.

पण म्हणून प्रत्येक तक्रारीमागे जंतूच असतो असं नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांचा अभ्यास केला. पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरचा ताण आणि उदासीनता यांच्याशी अधिक घट्ट निघाला. नुसती तक्रार ऐकून गोळ्या देणं त्यामुळे दोन्हीकडून चुकतं: जिला जंतू नाहीत तिला औषध मिळतं, आणि जिला आहेत पण तक्रार नाही ती तशीच राहते. तपासणी हवी, आणि बाईचं बोलणं ऐकणारं माणूसही हवं.

या इतिहासात नवरा कुठे आहे? 1955 मध्ये गार्डनर आणि ड्यूक्स या अमेरिकी डॉक्टरांनी या आजाराशी निगडित जिवाणूचं वर्णन केलं, तेव्हाच तो रुग्णांच्या नवऱ्यांमध्येही सापडल्याची नोंद आहे. पुढे नवऱ्यांना गोळ्या देऊन केलेल्या चाचण्यांतून फायदा दिसला नाही, आणि प्रश्न बाजूला पडला. औषध बाईनेच घ्यायचं, आजार उलटला की पुन्हा तिनेच. मार्च 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. फक्त बाईवर उपचार केले तेव्हा बारा आठवड्यांत 63 टक्के जणींचा आजार परतला. जोडीदारालाही गोळ्या आणि लावायचं मलम दिलं तेव्हा 35 टक्के. पहिल्या नोंदीपासून इथवर यायला सत्तर वर्षं लागली.

लॅन्सेटमधल्या त्या लेखाची मागणी साधी होती: स्त्रीरोगांची तपासणी आणि उपचार प्राथमिक आरोग्यसेवेतच मिळावेत. 1994 च्या कैरो परिषदेनंतर, 1997 मध्ये, भारत सरकारने प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू केला आणि जननमार्गाचे संसर्ग सरकारी कागदावर आले. शोधग्रामच्या दवाखान्याला तिथल्या आदिवासींच्या देवीचं, दंतेश्वरीचं नाव आहे. तिचं मोठं देऊळ आमच्या छत्तीसगढमध्ये, दंतेवाड्याला. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या बाया तिला नवस बोलतात. त्याच बायांना जवळच्या आरोग्यकेंद्रात आडोसा असलेली एक खोली, तपासणारी एखादी बाई आणि गरज असेल तर नवऱ्यालाही बोलावणारी चिठ्ठी मिळते का, हे आपापल्या गावात जाऊन विचारायला हवं. मी आमच्या पद्मनाभपुरापासून विचारायला लागले आहे.